टायमिंग चेनचा आवाज दबला, तरी दुखणे राहतेच

1994 साली आलेल्या हिरो होंडा स्प्लेंडरचे 97.2 सीसीचे इंजिन अजूनही गावोगावी धावते आहे. अशा जुन्या गाडीला आयडलिंगवर डाव्या बाजूने करकर ऐकू येऊ लागली की पहिला संशय टायमिंग चेनवर, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणाऱ्या साखळीवर जातो. मग टेन्शनर, म्हणजे ती चेन दाबून धरणारा भाग, बदलून आवाज घालवला जातो. माझे म्हणणे असे, की चेन झिजलेली असेल तर एवढ्यावर थांबू नये.

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) एकच फेरी होते. म्हणून कॅमच्या स्प्रॉकेटला (चेन बसणाऱ्या दातेरी चाकाला) क्रँकच्या स्प्रॉकेटपेक्षा दुप्पट दात असतात. क्रँक मिनिटाला 6000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडतो. ही सगळी वेळ सांभाळते ती चेन. तिच्या प्रत्येक कडीतली पिन आणि बुश एकमेकांवर घासून कणाकणाने झिजतात. समजा 90 कड्या आहेत आणि प्रत्येकीत केसाहूनही बारीक, 0.02 मिलिमीटर झीज झाली. सगळी मिळून चेन 1.8 मिलिमीटरने लांबते.

टेन्शनर हा ढिलेपणा चेनच्या सैल बाजूला दाबून धरतो, म्हणून आवाज थांबतो. पण क्रँक कॅमला ओढते ती दुसऱ्या, ताणलेल्या बाजूने, आणि तीही लांबलेलीच असते. तिचा वाटा 0.7 मिलिमीटर धरला आणि कॅमचे स्प्रॉकेट 28 दातांचे, 6.35 मिलिमीटर पिचचे (दोन पिनांमधल्या अंतराचे) मानले, तर कॅम सुमारे दीड अंश मागे पडतो. क्रँकच्या हिशेबात ते जवळजवळ तीन अंश. इनलेट (पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेणारा) व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, वर येणारा पिस्टन थोडे मिश्रण मागे ढकलतो, आणि कमी वेगात, चढावर, डबलसीट असताना ओढ कमी पडते. ठिणगीची वेळ मात्र क्रँकवरच बसवलेल्या मॅग्नेटवरून ठरते, त्यामुळे ती बदलत नाही. म्हणजे ठिणगी वेळेवर आणि व्हॉल्व्ह मागे, अशी फारकत होते. कार्ब्युरेटर कितीही ट्यून केला तरी ती भरून निघत नाही.

जुन्या बुलेटमध्ये कॅम गिअरवर चालतो आणि टू-स्ट्रोक येझदीला असले व्हॉल्व्हच नसतात, म्हणून त्यांच्या मालकांना ही चेन माहीत नसते.

बदलताना चेन, दोन्ही स्प्रॉकेट, रोलर आणि टेन्शनर एकदमच घ्यावेत. जुन्या स्प्रॉकेटचे दात चेनबरोबर झिजून वाकडे झालेले असतात. त्यांच्यावर नवी चेन चढवली तर तीही लवकर जाते. थोडे पैसे वाचवायला केलेली ही काटकसर मला मुळीच पटत नाही. इंजिन ऑइलही त्याच वेळी बदलावे. या इंजिनात ते लिटरभरही नसते, आणि क्लच, गिअर, चेन सगळ्यांना तेच पुरते. काळे पडलेले, कमी झालेले ऑइल पिना झिजवते.

मिस्त्रीजवळ उभे राहून एक गोष्ट मात्र पाहावी. मॅग्नेटवरची ‘टी’ खूण इंजिनच्या खुणेसमोर आणि कॅम स्प्रॉकेटची खूण हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) खाचेसमोर हवी. एक दात चुकला तर क्रँकच्या हिशेबात जवळपास 26 अंशांचा फरक पडतो. मग गाडी सुरू झाली तरी धड ओढणार नाही. टेन्शनर बसवल्यावर टॅपेट (व्हॉल्व्हजवळची बारीक फट) थंड इंजिनावर फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, लावावेत. किक मारण्याआधी मॅग्नेटच्या नटाला पाना लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवावी, डावीकडून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने. दोन्ही खुणा पुन्हा जुळल्या तरच झाकण लावावे. फिरवताना मध्येच एकदम कडक लागले तर जोर करू नये, कारण व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असण्याची शक्यता असते.