मिरजेत भाड्याने घर घेताय? नोटरीच्या कागदावर थांबू नका

"अकरा महिन्यांचंच ॲग्रीमेंट आहे, त्याला रजिस्टर कशाला?" हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. म्हणणारा कधी घरमालक असतो, कधी भाडेकरू, आणि दोघांनाही ते कुणा तिसऱ्यानेच सांगितलेलं असतं. भाडेकराराचे दस्त तयार करायचं काम करत असल्यामुळे मला दर वेळी तेच उत्तर द्यावं लागतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

एका वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, हे १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आलेलं आहे. अकरा महिन्यांची पद्धत तिथूनच पडली. पण महाराष्ट्रात त्यावर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे, आणि त्याच्या कलम ५५ प्रमाणे घर भाड्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे घरात हक्क न देता, ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी देऊन) देताना करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा. मुदत अकरा महिन्यांची असो वा तीन वर्षांची. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

खरी गोम मात्र त्याच कलमात पुढे आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि भाडं किती, अटी काय यावर वाद झाला, तर भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं असेल तर मालकाने सिद्ध करायचं. "भाडेकरू घर बळकावेल" या धास्तीने मालक नोंदणी टाळतात, आणि त्याच धास्तीवरचा इलाज हातचा घालवतात. उलट नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स असेल आणि मुदत संपूनही समोरचा हलत नसेल, तर कलम २४ खाली मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मागता येते.

मग पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद? नोटरीचा शिक्का म्हणजे सही त्याच माणसाने केली याची ग्वाही. ती नोंदणी नव्हे. आपल्या भागात याला आणखी एक बाजू आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. त्यानंतर घरं साफ करताना लोकांनी कपाटांतून जे कागद काढले, त्यांत नोटरीचे भाडेकरारही होते. शाई पसरलेली, पानं एकमेकांना चिकटलेली. तो कागद गेला की पुरावा गेला. नोंदणी केलेल्या दस्ताची प्रत मात्र नोंदणी विभागाकडून पुन्हा मिळते.

घर कुणाला देता येतं, कुणाला घेता येतं

देणारा मालक हवा किंवा मालकाचा कुलमुखत्यार. फ्लॅटमध्ये याची अडचण सहसा येत नाही. अडतं ते जुन्या घरांत. मिरजेच्या ब्राह्मणपुरीत किंवा सांगलीच्या गावभागात वाडा असतो, प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचं नाव असतं, एक भाऊ इथे, दुसरा पुण्यात, बहीण बेळगावला. अशा वेळी इथे राहणाऱ्या एकट्या भावाने करार केला तर पुढे बाकीचे "आम्हाला विचारलंच नाही" म्हणू शकतात. नावावर असलेल्या सगळ्यांनी, किंवा वारसांनी मिळून, करारात यावं, नाहीतर एकाला कुलमुखत्यारपत्र द्यावं. करारात सामील होण्यासाठी पुण्याच्या भावाला मिरजेत यायचीही गरज नाही. ऑनलाइन नोंदणीत तो तिथूनच अंगठा देऊ शकतो.

घेणारा अठरा वर्षं पूर्ण केलेला हवा. अकरावी-बारावीसाठी आलेल्या मुलासाठी करार आईवडिलांच्या नावाने होतो.

मिरजेत सगळ्यात जास्त होणारी चूक वेगळीच आहे. मिरज हे दवाखान्यांचं गाव. वॉन्लेस हॉस्पिटल १८९४ पासून आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, रेल्वेचं जंक्शन आहे. नर्सिंगच्या मुली केरळातून येतात, पेशंटचे नातेवाईक कर्नाटकातून येऊन महिना-महिना राहतात, कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला उत्तरेकडचे लोक आहेत. सतारमेकर गल्लीत मराठी, दखनी आणि कन्नड एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येते. अशा ठिकाणी चौघी मिळून एक फ्लॅट घेतात आणि करारात नाव एकीचंच घालतात, कारण "फी वाचते". फी वाचत नाही, ती नावांच्या संख्येवर नसते. उलट नाव असलेली मुलगी बदली होऊन गेली की उरलेल्या तिघींकडे त्या घरात राहण्याचा काहीच कागद उरत नाही. राहणाऱ्या सगळ्यांची नावं घाला, सगळ्यांचे अंगठे घ्या.

याच ओघात एक सांगतो. नाव किंवा आडनाव कळल्यावर "फ्लॅट कालच गेला हो" असं होणं आपल्याकडे नवीन नाही. कराराच्या अर्जात नाव, वय, व्यवसाय, पत्ता, पॅन, आधार विचारतात. जात-धर्माचा रकाना तिथे नाही आणि ताटात काय वाढलं जातं याचाही नाही. ज्यांना विचारायचंच असतं ते बाहेर विचारतात. माझ्या अनुभवात भाडं बुडवणारे सगळ्या आडनावांचे असतात.

कागदपत्रं

यादी छोटी आहे. मालकाचं आणि भाडेकरूचं आधार व पॅन, दोन साक्षीदारांची आधार कार्डं, आणि घराचा पुरावा: प्रॉपर्टी कार्ड किंवा खरेदीखताची सूची दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीनंतर मिळणारा दस्ताचा गोषवारा), चालू घरपट्टीची पावती, महावितरणचं लाईट बिल. घराचा सिटी सर्व्हे नंबर किंवा मिळकत क्रमांक, मजला आणि क्षेत्रफळ आधीच लिहून आणा. "क्षेत्रफळ असेल पाचशे-सहाशे" म्हणणाऱ्याला मी परत पाठवतो. फोटो आणायची गरज नाही, तो वेबकॅमवर तिथेच काढतात.

साक्षीदार कोण घ्यायचे? दोघांनाही ओळखणारे. वेळेवर टपरीवरून कुणाला तरी ओढून आणतात, तो सही करून जातो आणि नंतर त्याचा फोनही लागत नाही. असा साक्षीदार असून नसून सारखाच.

ज्याच्याकडे आधार नाही त्याचा करार ऑनलाइन होत नाही. त्याने दुय्यम निबंधक (सब-रजिस्ट्रार) कार्यालयात समक्ष जायचं. भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर मालकाला चोवीस तासांच्या आत ठरलेला फॉर्म भरून सरकारला कळवावं लागतं. हे वेगळं काम आहे, कराराबरोबर आपोआप होत नाही.

खर्च किती येतो

लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे, साठ महिन्यांपर्यंतच्या मुदतीसाठी. ते नुसत्या भाड्यावर नसतं. मुदतीचं एकूण भाडं, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज, या सगळ्याच्या बेरजेवर असतं.

समजा भाडं ९,००० रुपये, डिपॉझिट ३०,००० आणि मुदत अकरा महिने. भाड्याचे ९९,०००, डिपॉझिटवरचं व्याज २,७५०, बेरीज १,०१,७५०. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे सुमारे २५४ रुपये. अंतिम आकडा पोर्टल दाखवेल तोच भरायचा. त्यावर नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामपंचायत हद्दीत ५००. दस्त हाताळणीचं शुल्क आणि भरून देणाऱ्याची मजुरी वेगळी.

आता तेच घर छत्तीस महिन्यांसाठी करा. भाडं ३,२४,०००, व्याज ९,०००, शुल्क सुमारे ८३३ रुपये, आणि नोंदणी फीचे हजार एकदाच. दर अकरा महिन्यांनी नवा करार केला तर तीन वेळा हजार जातात आणि तीन वेळा सगळ्यांना अंगठ्यासाठी गोळा करावं लागतं. तीन वर्षांचा करार करून त्यात दर वर्षी भाडं किती वाढेल आणि कुणालाही निघायचं असेल तर एक महिन्याची नोटीस, असं लिहिलं की दोघांचीही सोय होते. वाढ धरली की शुल्क थोडं वाढतं, पण फार नाही. "तीन वर्षं दिलं की हक्क लागतो" ही भीती लिव्ह अँड लायसन्समध्ये निराधार आहे.

डिपॉझिट किती असावं याला आपल्याकडे कायद्याने मर्यादा नाही. दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही असं जे फिरतं, ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातलं आहे. तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, आणि इथे १९९९ चाच कायदा चालतो.

प्रत्यक्ष नोंदणी

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर लिव्ह अँड लायसन्सचा विभाग आहे. मिळकतीची माहिती, दोन्ही बाजूंची माहिती, भाडं आणि अटी भरायच्या, मसुदा वाचायचा. खरोखर वाचायचा, भाडेकरूला मराठी येत नसेल तर कुणाकडून तरी समजावून घ्यायचा. ग्रासवर, म्हणजे सरकारी शुल्क भरायच्या संकेतस्थळावर, ऑनलाइन पैसे भरायचे, मग फोटो आणि अंगठे. हे स्वतः करता येतं, फक्त बोटांचे ठसे घेणारं यंत्र हवं. नाहीतर अधिकृत सेवा देणारे घरी येऊन करतात. शेवटी दस्त दुय्यम निबंधकाकडे जातो. त्यात चूक असेल तर शेरा मारून परत येतो, बरोबर असेल तर नोंदला जातो. समक्ष नोंदणी करणार असाल तर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त हजर करावा लागतो.

सगळ्यात जास्त वेळ खातो अंगठा. मागे एका आजींच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचा करार होता, भाडेकरू एक नर्स. आजींचा उजवा अंगठा घेतला, नाही लागला. पदराला पुसून पुन्हा दिला, नाही लागला. "घासून गेलाय रं अंगठा, भांडी घासून घासून," त्या म्हणाल्या. त्या मुलीने आजींचा हात हातात घेतला, कोमट पाण्याने धुतला, कोरडा केला, आणि दवाखान्यात सलाईन लावताना शिरा उठायला चोळतात तशी बोटं चोळली. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला यंत्राने हिरवा दिवा दाखवला. तर, अंगठा लागला नाही म्हणून हार मानू नका, दहाही बोटं करून बघा. तरीही नाही जमलं तर आधार केंद्रात ठसे नवीन करून घ्या, किंवा दुय्यम निबंधक कार्यालयात समक्ष नोंदणी करा.

अटींत काय घालावं

छापील मसुद्यात बहुतेक गोष्टी असतात. आपल्या गावासाठी दोन-तीन वाढवा. पहिली पुराची. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. शामरावनगर, गावभाग, सांगलीवाडी किंवा मिरजेत कृष्णाघाटाकडे घर बघताना शेजाऱ्याला विचारा, २०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठवर होतं. बऱ्याच भिंतींवर ती रेघ अजून दिसते. तळमजला असेल तर पुरात घर सोडावं लागल्यास त्या दिवसांचं भाडं द्यायचं की नाही आणि गाळ काढायचा खर्च कुणाचा, हे लिहून टाका. पाणी चढल्यावर या गोष्टी बोलायला कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं.

दुसरी डिपॉझिटची. घर सोडल्यावर किती दिवसांत परत, कशाचे पैसे कापणार. "रंगाचे कापले" यावरून जितकी भांडणं पाहिली, तितकी भाड्यावरून नाही पाहिली. तिसरी लाईट बिलाची. मीटर मालकाच्याच नावावर राहतं, म्हणून राहायला येताना रीडिंगचा फोटो दोघांच्या फोनमध्ये असू द्या.

सोसायटीत फ्लॅट असेल तर भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, कळवावं लागतं आणि कराराची प्रत द्यावी लागते. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा सरकारचा २००१ चा आदेश आहे. जास्त मागितलं तर तो आदेश दाखवा.

पोलिसांना कळवणं

हे मालकाचं काम आहे, आणि करार नोंदवला म्हणून ते संपत नाही. प्रशासन वेळोवेळी यासाठी आदेश काढतं, आणि आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा होऊ शकतो. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर भाडेकरूची माहिती भरता येते, किंवा घर ज्या हद्दीत येतं त्या ठाण्यात समक्ष देता येते. फोटो, ओळखपत्र, मूळ गावचा पत्ता आणि कराराची प्रत सोबत ठेवा. पोच घ्या आणि तिची एक प्रत भाडेकरूलाही द्या. तपासणीला कुणी आलं तर घरात असतो तो भाडेकरू, मालक नव्हे.

दस्त नोंदल्यावर मिळणारी सूची दोन ही गॅस, बँक, मुलांची शाळा, पगारातली घरभाड्याची सवलत अशा सगळ्या ठिकाणी लागते. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर ऑफिसात मालकाचा पॅनही मागतात. तो करारावर असतोच, त्यासाठी मालकाच्या मागे फिरावं लागत नाही. पीडीएफ दोघांनीही आपापल्या मेलवर पाठवून ठेवा. घर सोडताना किल्ली दिल्याचं आणि डिपॉझिट मिळाल्याचं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, त्या कागदाचा फोटोही त्याच मेलवर टाका.