रात्री नऊची गोळी : प्रत्यारोपण झालेले रुग्ण आणि कोरोनाच्या उपचारांची पार्श्वभूमी

५ एप्रिल २०२०. रात्री ९ वाजता नाशिककर घरातले दिवे मालवून पणत्या घेऊन गॅलरीत आले. ज्या घरात किडनी बसवलेला माणूस आहे, तिथे घड्याळाकडे बघायची सवय जुनीच. बसवलेला अवयव टिकवणारी टॅक्रोलिमसची गोळी बारा तासांच्या अंतराने घ्यायची असते. बहुतेक जण सकाळी नऊ आणि रात्री नऊ अशी वेळ धरतात. पणत्या नंतर, गोळी आधी.

त्या दिवसांत जो तो प्रतिकारशक्ती वाढवायच्या मागे लागला होता. आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी, मनुका यांचा काढा सुचवला होता आणि गुळवेलीला कधी नव्हे तो भाव आला होता. टॅक्रोलिमस नेमकं उलटं काम करतं. दुसऱ्याचा अवयव शरीराने परका म्हणून फेकून देऊ नये, यासाठी ते प्रतिकारशक्ती दाबून ठेवतं. म्हणून अशा घरांत प्रश्न वेगळाच होता : ताप आला तर गोळी थांबवायची की चालू ठेवायची? थांबवली तर किडनी जायची भीती, चालू ठेवली तर विषाणूला रान मोकळं.

हा प्रश्न कोरोनाने निर्माण केलेला नाही. तो प्रत्यारोपणाइतकाच जुना आहे.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी एका भावाची किडनी दुसऱ्याला बसवली आणि ती टिकली. भाऊ एकसारखे जुळे होते, शरीराला अवयव परका वाटलाच नाही. पण जुळा भाऊ कितीजणांना असणार? बाकीच्यांसाठी आधी सगळ्या अंगावर किरणोत्सर्गाचा मारा करून पाहिला. त्यात किडनी नाकारली गेली नाही तरी माणूस जंतुसंसर्गाने जायचा. साठच्या दशकात अझाथायोप्रिन आणि स्टिरॉइडची जोडी आली. पुढची मोठी औषधं चक्क मातीतून निघाली. सायक्लोस्पोरिन नॉर्वेतल्या एका पठारावरच्या मातीतल्या बुरशीपासून मिळालं, त्याला अमेरिकेत १९८३ मध्ये परवानगी मिळाली. टॅक्रोलिमस जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूत १९८४ मध्ये सापडलं; नावातला 'ट' त्या गावाचा. १९९५ मध्ये मायकोफेनोलेट आलं. टॅक्रोलिमस (बोलीत टॅक्रो), मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ही तिवई आज बहुतेक किडनी रुग्णांच्या डब्यात असते.

ही औषधं वापरता वापरताच डॉक्टरांचा एक अलिखित क्रम बसत गेला. क्षयरोग, सायटोमेगॅलो विषाणू, बुरशी असा गंभीर संसर्ग झाला की पहिली कात्री मायकोफेनोलेटला, कारण ते लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची वाढच रोखतं. तेवढ्याने भागलं नाही तर टॅक्रो कमी. स्टिरॉइड मात्र एकदम बंद करायचं नाही : वर्षानुवर्षं बाहेरून मिळत गेल्याने ते बनवणाऱ्या शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी कोणाकडेच अभ्यास नव्हता, तेव्हा जगभर हाच क्रम उचलला गेला.

नाशिकची अडचण औषधाइतकीच रस्त्याची होती. भारतात जिवंत दात्याकडून किडनी बसवण्याची यशस्वी सुरुवात १९७१ मध्ये वेल्लोरला झाली. १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा महाराष्ट्रात पुढच्या वर्षी लागू झाला. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद अशी अवयववाटपाची समन्वय केंद्रं झाली आणि नाशिक पुण्याच्या केंद्राला जोडलं गेलं. पूर्वी शस्त्रक्रियेसाठी मुंबई-पुणे गाठणं हाच रिवाज, त्यामुळे जुन्या रुग्णांची फाईलही तिकडेच. एरवी पहाटेची गाडी पकडून कसारा घाट उतरायचा किंवा सिन्नर-संगमनेरमार्गे पुणे गाठायचं आणि रात्री घरी. टाळेबंदीत त्यासाठी पोलिसांचा पास लागू लागला. ज्या दिवशी देश बंद झाला त्याच दिवशी, २५ मार्चला, केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. फोनवर, व्हॉट्सॲपवर क्रिएटिनिनचा (किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट पाठवून सल्ला घ्यायला त्यामुळे नियमांचा आधार मिळाला. माझ्या मते त्या वर्षीचा सगळ्यात कमी गाजलेला पण सगळ्यात उपयोगी कागद तोच. नवी प्रत्यारोपणं मात्र खोळंबली : देशात २०१९ मध्ये १२,६६६ झाली होती, २०२० मध्ये ७,४४३.

भीती किती खरी होती? न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातून एप्रिल २०२० मध्ये ३६ किडनी प्रत्यारोपित रुग्णांची माहिती आली, त्यातले १० दगावले होते. पुढे भारतातल्या १३ केंद्रांतल्या २५० रुग्णांच्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण ११.६ टक्के निघालं. हे आकडे शेजारी ठेवून आपण बरे असं म्हणण्यात अर्थ नाही. न्यूयॉर्कच्या यादीत बहुतेक जण दाखल करावे लागलेले होते. सर्वसाधारण रुग्णांपेक्षा धोका बराच जास्त, एवढं दोन्हीकडून दिसलं.

मग जूनमध्ये गंमत झाली. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. विषाणूपेक्षा शरीराचा अतिरेकी प्रतिकारच काही वेळा मारतो, हे कळलं. म्हणजे ज्या औषधाच्या वर्गामुळे प्रत्यारोपणवाले घाबरून बसले होते, तेच प्राणवायू लागलेल्या सगळ्यांना दिलं जाऊ लागलं.

दुसरी लाट नाशिकला विसरता येणार नाही. २१ एप्रिल २०२१ ला डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली आणि किमान २२ रुग्ण गेले. त्याच महिन्यांत काळी बुरशी आली. तिच्यावरचं साधं ॲम्फोटेरिसिन किडनीला घातक, त्याचा किडनीला कमी त्रास देणारा लायपोसोमल प्रकार बाजारात मिळेना, आणि पोसाकोनाझोल हे बुरशीवरचं दुसरं औषध दिलं की रक्तातलं टॅक्रो भलतंच चढायचं.

लसीत सरकारने या रुग्णांना लवकर जागा दिली होती. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या ज्यांना सहव्याधी होत्या त्यांचं लसीकरण सुरू झालं, त्या वीस व्याधींच्या यादीत किडनी आणि यकृताचं प्रत्यारोपण होतं. पण दाबून ठेवलेलं शरीर लसीलाही नीट उत्तर देत नाही. अमेरिकेत ६५८ रुग्णांपैकी दोन डोसनंतर ५४ टक्क्यांतच प्रतिपिंडं सापडली. फ्रान्समध्ये तिसऱ्या डोसनंतर हे प्रमाण ४० वरून ६८ टक्क्यांवर गेलं. आपल्याकडे जानेवारी २०२२ चा 'प्रिकॉशन' डोस आरोग्य कर्मचारी, आघाडीचे कर्मचारी आणि साठीपुढचे सहव्याधीवाले यांना होता. तिशीतला किडनी बसवलेला तरुण त्यात बसत नव्हता. १८ वर्षांपुढच्यांना तो १० एप्रिलपासून खासगी केंद्रांवर मिळू लागला. ही त्रुटी मला आजही खटकते.

शेवटचा तिढा पॅक्सलोविड या कोरोनावरच्या गोळ्यांचा, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. यकृतात आणि आतड्यात सीवायपी-३ए-४ नावाचं विकर (एन्झाइम) टॅक्रो मोडून टाकतं. ते अडवलं की तीच गोळी कितीतरी जास्त चढते. आपल्याकडच्या डॉक्टरांनी याचा फायदाही करून घेतला आहे : डिल्टियाझेम ही रक्तदाबाची स्वस्त गोळी सोबत देऊन महागड्या टॅक्रोचा डोस कमी करायचा, रुग्णाचे पैसे वाचवायचे. पॅक्सलोविडमधलं रिटोनाविर हेच विकर इतक्या जोरात अडवतं की टॅक्रो विषारी पातळीला जाऊ शकतं. म्हणून टॅक्रो थांबवून पाच दिवसांचा कोर्स द्यायचा आणि नंतर लेव्हल, म्हणजे रक्तातलं टॅक्रोचं प्रमाण, बघत पुन्हा चालू करायचं. लेव्हल वेळेत हाती येणार नसेल तिथे हा खेळ नको, म्हणून बरेच डॉक्टर तीन दिवसांच्या रेमडेसिविरकडे वळले.

याच विकरामुळे डिस्चार्ज कार्डावर 'ग्रेपफ्रूट खाऊ नका' असं लिहिलेलं असतं. ते आपल्या पपनसाचं भाऊबंद, द्राक्षाशी त्याचा संबंध नाही. पण निफाड-दिंडोरीत हे इंग्रजी नाव वाचून कोणी घरच्या बागेतली द्राक्षंच सोडली तर त्याला दोष कसा द्यायचा!

ग्रेपफ्रूट असो, बुरशीचं औषध असो की रिटोनाविर, निवाडा शेवटी लेव्हलवरच होतो. आणि लेव्हलचं रक्त सकाळच्या गोळीआधीच द्यावं लागतं. म्हणून हे लोक नऊच्या सुमाराला लॅबच्या बाकावर गोळी खिशात घेऊन बसलेले दिसतात. सुई निघाली, कापूस दाबला की पाण्याच्या घोटाबरोबर ती तिथेच घेतात.