‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ : या पाटीला कायद्याचा आधार नाही

दुकानातून घेतलेली वस्तू परत करता येत नाही आणि तो हक्क फक्त ऑनलाइन खरेदीत मिळतो, हा समज इतका रुजला आहे की अनेक ग्राहक त्याच भीतीने बाजारपेठेतील दुकानाकडे पाठ फिरवतात. हा समज चुकीचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) नुसार सदोष वस्तू बिलावर नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास 30 दिवसांच्या आत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मग विक्रेता गल्लीतला असो वा संकेतस्थळावरचा. बिल न देणे हीदेखील याच कलमाखाली अनुचित प्रथा आहे, म्हणून बिल मागून घ्यावे.

मात्र रंग आवडला नाही, मन बदलले, एवढ्या कारणासाठी हा कायदा परतीचा हक्क देत नाही, आणि तो ऑनलाइन खरेदीतही देत नाही. तिथे मिळते ती त्या कंपनीने स्वतःहून दिलेली सवलत असते. दुकानदारांचे खरे नुकसान त्या पाटीनेच होते, असे माझे स्पष्ट मत आहे. वस्तू हातात घेऊन पारखण्याची सोय ज्यांच्याकडे आहे, त्यांनीच ग्राहकाला धास्तावून सोडावे, हे खेदजनक आहे.

दुकानदाराने नकार दिल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.