फ्रीलान्स सॉफ्टवेअर विकसकाचा करार आणि मोबदल्याच्या अटी (इंदूर)

कुणाच्या पगारावर नसलेल्या प्रोग्रॅमरने ग्राहकाला काय करून द्यायचे, किती दिवसांत, किती पैशांत, आणि तयार झालेला कोड कुणाचा, हे ठरवणारा लेख म्हणजे फ्रीलान्स विकसकाचा करार. १८७२च्या भारतीय करार कायद्यानुसार तोंडी करारही वैध ठरू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ मुळे ईमेलवर ठरलेला करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून नाकारता येत नाही. तोंडी कराराची अडचण वैधतेची नाही, पुराव्याची आहे.

इंदुरात एस.जी.एस.आय.टी.एस. (स्थापना १९५२) आणि देवी अहिल्या विद्यापीठाची आय.ई.टी. या अभियांत्रिकी संस्थांतून दरवर्षी अभियंते बाहेर पडतात. खंडवा रोडवरचे क्रिस्टल आयटी पार्क आणि सुपर कॉरिडॉरवरचे टीसीएस-इन्फोसिसचे कॅम्पस ही पगारी नोकरीची ठिकाणे. फ्रीलान्सरचे ग्राहक निराळे असतात: सियागंजचा किराणा व्यापारी, भंवरकुआँचा कोचिंग क्लास, पीथमपूरचा कारखानदार, किंवा पुण्या-मुंबईची एखादी एजन्सी. रामबाग, लोकमान्य नगर भागातल्या मराठी मुलामुलींना पहिली कामे बहुधा ओळखीतूनच मिळतात. ‘आपलाच माणूस आहे, लिहून कशाला घ्यायचं?’ हे वाक्य तिथे हमखास येते. वास्तविक ओळख जितकी जवळची तितका कागद जास्त लागतो. परक्या ग्राहकाकडे पैशांचा तगादा लावता येतो, मावसबहिणीच्या सासऱ्यांकडे लावता येत नाही.

करारातले सर्वांत महत्त्वाचे कलम दराचे नसून ‘काम पूर्ण झाले’ हे कधी मानायचे याचे असते. पैसे अडकतात ते बहुधा इथेच. बिलिंगचे सॉफ्टवेअर तयार होते, दुकानातला मुनीम त्यावर रोज बिले फाडू लागतो, आणि शेवटचा हप्ता मागितला की मालक म्हणतात, ‘अजून उधारीचा रिपोर्ट हवा तसा येत नाही.’ तो रिपोर्ट ठरलेल्या कामात होता की नाही, हे सांगणारा कागदच नसतो. म्हणून कराराला कामांची यादी जोडावी आणि पुढे असे लिहावे: ‘यादीतील काम चाचणीसाठी दिल्यापासून १० दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत न घेतल्यास, किंवा ग्राहकाने ते प्रत्यक्ष वापरात आणल्यास, काम स्वीकारले असे मानले जाईल. यादीबाहेरच्या प्रत्येक बदलाचा दर आधी लेखी ठरेल.’ बग आणि नवी मागणी यांतला फरकही याच जागी सांगावा: यादीत लिहिल्याप्रमाणे चालत नाही तो बग, तो ठरलेल्या मुदतीत फुकट दुरुस्त होईल, बाकी सारे नवे काम.

मोबदला एकरकमी, तासाच्या दराने, किंवा दरमहा रिटेनर (उपलब्ध राहण्याबद्दलची ठरावीक रक्कम) म्हणून ठरतो. एकरकमी कामात टप्पे पाडतात. कामापूर्वी ३० ते ५० टक्के बयाणा, मधला हप्ता चाचणीच्या वेळी आणि उरलेला स्वीकृतीनंतर, ही रूढ विभागणी आहे. शेवटचा हप्ता लहान ठेवावा. ‘साइट लाइव्ह गेल्यावर’ ही अट टाळलेली बरी, कारण लाइव्ह जाणे ग्राहकाच्या मजकुरावर, फोटोंवर आणि मुहूर्तावर अवलंबून असते.

कोडच्या मालकीबद्दल गैरसमज फार आहेत. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम हे साहित्यकृतीत मोडतात. नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड मालकाचा. फ्रीलान्सरने लिहिलेला कोड, करारात वेगळे काही नसल्यास, साधारणपणे त्याचाच राहतो. हक्क ग्राहकाला द्यायचे तर कलम १९नुसार सही केलेला लेख लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांपुरते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते धरले जाते. विकसकाची खरी ताकद इथे आहे: ‘संपूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क ग्राहकाकडे जातील’ हे एक वाक्य शेवटच्या हप्त्याचे तारण ठरते. मात्र पैसे थकले म्हणून ग्राहकाच्या सर्व्हरवरची चालू यंत्रणा गुपचूप बंद पाडणे गुन्ह्यात मोडू शकते. त्या वाटेला जाऊ नये.

कराचा हिशेब दर ठरवतानाच मांडावा. वर्षाची उलाढाल २० लाखांपेक्षा कमी असलेल्या सेवा देणाऱ्याला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. नोंदणी असेल आणि काम ₹१,००,०००चे असेल, तर १८ टक्के कर धरून बिल ₹१,१८,०००चे होते. ग्राहकाने मूळ रकमेवर १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर) कापला तर खात्यात ₹१,०८,००० येतात. त्यातले ₹१८,००० सरकारचे, आणि कापलेले ₹१०,००० प्राप्तिकराचे विवरणपत्र भरताना जमा धरले जातात. काम ‘तांत्रिक सेवा’ मानले तर कपात २ टक्के, ‘व्यावसायिक सेवा’ मानले तर १०. कुठली लागू धरायची हे सीएला विचारून आधीच बोलून घ्यावे. बिल फाडले की जीएसटी देय होतो, ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. थकलेल्या बिलाचा कर खिशातून भरावा लागतो, ही नव्या माणसाला बसणारी सर्वांत मोठी चपराक.

पैसे लांबले तर २००६चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा उपयोगी पडतो आणि तो फार कमी जण वापरतात. केंद्र सरकारच्या उद्यम पोर्टलवर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी, तीही काम घेण्यापूर्वी, केलेली असावी. सेवा दिल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही तर कायदाच ती स्वीकारली असे मानतो. लेखी करारात मुदत कितीही लिहिली तरी स्वीकृतीपासून ४५ दिवसांपुढे पैसे रोखता येत नाहीत; मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. तक्रार सरकारी पोर्टलवरून फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशी थकबाकीची प्रकरणे ऐकणाऱ्या राज्यातल्या मंडळाकडे, जाते. ग्राहक देशात कुठेही असो, विकसकाच्या राज्यातली कौन्सिल प्रकरण ऐकू शकते, म्हणजे इंदूरच्या माणसाला मुंबईच्या एजन्सीमागे मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. दिवाणी दाव्यासाठी मुदत साधारण तीन वर्षांची असते.

परदेशी ग्राहकाच्या बाबतीत हा कायदा चालत नाही, म्हणून तिथे बयाणा मोठा घ्यावा किंवा एस्क्रो (ग्राहकाचे पैसे काम होईपर्यंत मध्यस्थाकडे ठेवण्याची सोय) असलेल्या मंचावरून काम करावे. जीएसटीत निर्यात सेवा शून्य दराची असते. नोंदणीकृत विकसकाने हमीपत्र दिले की कर न भरता बिल करता येते. बँकेकडून परकीय रकमेचा दाखला मात्र प्रत्येक वेळी मागून ठेवावा.

एजन्सीच्या छापील करारात बरेचदा ‘काम संपल्यावर दोन वर्षे आमच्या क्षेत्रात काम करायचे नाही’ अशी अट असते. करार कायद्याच्या कलम २७नुसार करार संपल्यानंतरची अशी बंदी रद्दबातल ठरते. गोपनीयतेची अट मात्र बंधनकारक असते, आणि ती सही करण्यापूर्वी शब्द न् शब्द वाचावी.