इल्युडिनजन्य औषधे

ऑम्फॅलोटस वंशातील विषारी अळंबीत सापडणाऱ्या इल्युडिन एस या विषाचा रेणू बदलून तयार केलेली कर्करोगविरोधी संयुगे. ही अळंबी अंधारात फिकट हिरवी चमकते. जपानमध्ये ती शिताके ही खाद्य अळंबी समजून खाल्ली जाते आणि थोड्याच वेळात उलट्या, जुलाब सुरू होतात. (भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात चमकणारी बुरशी मायसेना वंशाची मानली जाते, ती वेगळी.)

इल्युडिन १९५० मध्ये वेगळे केले गेले. गाठीच्या पेशी ते मारते, पण निरोगी पेशींनाही सोडत नाही. त्यातील ताणलेले सायक्लोप्रोपेन कडे (तीन कार्बनांचे वलय) पेशीतील ग्लुटाथिओनसारख्या कोणत्याही थायॉलच्या, म्हणजे गंधकयुक्त संयुगाच्या, धक्क्याने उघडते. म्हणून कॅलिफोर्नियात मॅकमॉरिस व केल्नर या संशोधकांनी विष तीव्र करण्याऐवजी बोथट केले. इल्युडिन एस सौम्य गंधकाम्लात ठेवले की फॉर्माल्डिहाइड निघून जाऊन अ‍ॅसिलफुल्विन उरते. फॉर्माल्डिहाइड भरपूर घातले तर इरोफुल्विन मिळते. ही संयुगे थायॉलशी संथपणे वागतात. पीटीजीआर१ हे एन्झाइम एनएडीपीएच या पेशीतील रेणूकडील हायड्राइड (ऋणभारित हायड्रोजन) त्यांना जोडते, तेव्हा कुठे ती जागी होतात. मग कडे उघडून रेणू डीएनएतील अ‍ॅडेनिनला चिकटतो. नेहमीच्या दुरुस्ती यंत्रणेला ही जखम दिसतच नाही. तिथे डीएनएवरून आरएनए प्रत काढणारे एन्झाइम, आरएनए पॉलिमरेज, अडकले, तरच या प्रत काढण्याशी म्हणजे लिप्यंतरणाशी जोडलेली दुरुस्ती धावून येते. ती दुरुस्ती लंगडी असलेली पेशी मरते.

इरोफुल्विन रुग्णांवरील चाचण्यांत अडले ते डोळ्यांपाशी. दृष्टिपटलातील शंकुपेशी बिघडून प्रकाशाचे लखलखाट दिसत. मात्रा किलोमागे ०.५० मिलिग्रॅमच्या आत ठेवली तर गंभीर त्रास टळे. शिवाय प्लेटलेटही घटत.

एलपी-१८४ या पुढच्या संयुगात इरोफुल्विनच्या हायड्रॉक्सिल गटाच्या जागी हायड्रॉक्सियुरिया आहे आणि रेणूच्या आरशातल्यासारख्या दोन रूपांपैकी ऋण रूपच वापरतात. उंदरांत ते मेंदूत पोहोचते. एमजीएमटी हे प्रथिन टेमोझोलोमाइड या कर्करोगाच्या औषधाने डीएनएवर केलेला घाव पुसून टाकते. एलपी-१८४ चा घाव त्याला पुसता येत नाही, म्हणून ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात त्याला महत्त्व. रक्तदाबावरची जुनी गोळी स्पायरोनोलॅक्टोन दुरुस्तीतील ईआरसीसी३ हे प्रथिन नष्ट करते. ती जोडीला दिल्यास प्रयोगशाळेत गाठीच्या पेशी अधिक हळव्या होतात.

गाठीत पीटीजीआर१ कमी असेल तर औषध जागेच होत नाही, तेव्हा आधी बायॉप्सीत त्याचे प्रमाण पाहावे लागते. हे एन्झाइम यकृतातही असते. निवडकतेची सगळी भिस्त त्यावर टाकता येत नाही; गाठीची दुरुस्ती मोडकी असणे हा दुसरा आधार लागतोच.