रॅम्बोचा दुसरा भाग : एका मृत्यूपासून दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत

रॅम्बोच्या पहिल्या भागात, १९८२च्या 'फर्स्ट ब्लड'मध्ये, अख्ख्या सिनेमात एकच माणूस मरतो, तोही हेलिकॉप्टरमधून तोल जाऊन. हे माहीत नसेल तर १९८५चा दुसरा भाग नुसता धुडगूस वाटतो. माहीत असेल तर त्या धुडगुसाची खरी गंमत कळते.

मूळ गोष्ट डेव्हिड मॉरेल यांच्या १९७२च्या कादंबरीतली. तिच्यात रॅम्बो, म्हणजे व्हिएतनाम युद्धातून परतलेला अमेरिकी सैनिक, शेवटी मरतो. पडद्यासाठीही त्याच्या मरणाचा शेवट चित्रित झाला होता, पण चाचणी खेळाला आलेल्यांना तो रुचला नाही आणि नायक जिवंत राहिला. सीक्वलचं दार तिथेच उघडलं. निर्माती कंपनी कॅरोल्को परदेशातले हक्क आधी विकून भांडवल उभं करायची, आणि स्फोटाला भाषांतर लागत नाही. पटकथेचा पहिला खर्डा जेम्स कॅमेरूनचा. त्यात रॅम्बोला एक सोबती होता. रॅम्बो साकारणाऱ्या सिल्व्हेस्टर स्टॅलोननं तो काढला आणि राजकारण स्वतःचं भरलं. १९७३मध्ये ५९१ अमेरिकी युद्धकैदी व्हिएतनामहून परतले, तरी काही जण मागे राहिल्याचा संशय अमेरिकेत धुमसत होता. सगळी गोष्ट त्यावर उभी आहे: रॅम्बो अशाच कैद्यांच्या शोधात व्हिएतनामला जातो.

व्हिएतनामचं जंगल मेक्सिकोतलं, आणि 'सोव्हिएत' हेलिकॉप्टर म्हणजे वरून साज चढवलेलं फ्रेंच प्यूमा. कॉम्प्युटरवर आग काढायची सोय नव्हती, त्यामुळे दिसते ती आग खरी. मात्र खऱ्या बॉम्बचा स्फोट पडद्यावर फिका पडतो: क्षणभर चमक, मग करडी धूळ. नारिंगी लोळ हवा तर पेट्रोल वर उडवून पेटवावं लागतं. कॅमेरा सेकंदाला २४ऐवजी ७२ चौकटींनी फिरवला की तोच लोळ तिप्पट वेळ उलगडत राहतो आणि आकारानंही मोठा भासतो. झोपडी एकदाच उडते, म्हणून एकाच वेळी अनेक कॅमेरे लावायचे. यातला धोकाही खराच: चित्रीकरणातल्या एका स्फोटात स्पेशल इफेक्ट्सचा एक तंत्रज्ञ दगावला. सिनेमा त्याच्या स्मृतीला अर्पण केला आहे.

रॅम्बोच्या हातातली एम-६० मशीनगन साडेदहा किलोंच्या आसपास. मिनिटाला साधारण ५५० गोळ्या, म्हणजे शंभराचा पट्टा अकरा सेकंदांत खलास. पडद्यावर तो संपतच नाही. खोट्या काडतुसात पुढे गोळी नसल्यानं दाब तयार होत नाही आणि अशी बंदूक पहिल्याच बारानंतर अडते. म्हणून नळीचं तोंड आतून अरुंद करतात. दुसरी डोकेदुखी कॅमेऱ्याच्या शटरची, म्हणजे उजेड अडवणाऱ्या झडपेची. फिल्म पुढे सरकताना ते बंद असतं, म्हणजे साधारण निम्मा वेळ, आणि त्या वेळात उडालेली ठिणगी फिल्मवर येतच नाही.

सगळ्यात झकास थाप शेवटाकडे आहे. नदीवर उतरवलेल्या हेलिकॉप्टरमध्ये रॅम्बो मेल्याचं सोंग घेतो, शत्रूचं हेलिकॉप्टर समोर येऊन तरंगतं, आणि हा उठून तुटलेल्या काचेतून रॉकेट सोडतो. खांद्यावरच्या अशा हत्याराला धक्का जवळपास नसतो, कारण तेवढाच जोर मागच्या तोंडातून तापलेल्या वायूच्या रूपात बाहेर पडतो. आणि मागे कोण बसलंय? नुकतेच सोडवलेले कैदी! खरं तर तेच आधी भाजले असते. सिनेमात कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही, आणि तिथे शिट्टी वाजवायची सोडून भौतिकशास्त्र काढणारा माणूस बरोबर नेऊ नये.

वर्षातल्या सर्वांत वाईट चित्रपटाचा रॅझी हा टवाळीचा पुरस्कार मिळाला, अमेरिकेतली कमाई मात्र १५ कोटी डॉलरवर गेली. आपल्याकडे पुण्याच्या रॅम्बो सर्कशीमुळे सिनेमा न पाहिलेल्यांनाही नाव ठाऊक झालं.

मग तिसऱ्या भागात आकडा आणखी वाढवणं आलंच. गिनीजनं त्यात हिंसेच्या २२१ कृती आणि शंभरावर मृत्यू मोजले. त्यात रॅम्बो अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजांशी लढतो. प्रदर्शनाची तारीख होती २५ मे १९८८. सोव्हिएत माघार १५ मेलाच सुरू झाली होती.