गोव्याचे दप्तर आणि कागद खाणारी शाई

पोर्तुगीज राजवटीचा बखरकार दियोगु दु कोउतु याच्याकडे १५९५ मध्ये गोव्याच्या दप्तराची व्यवस्था सोपवण्यात आली. आज पणजीत असलेल्या पुराभिलेखागाराचा आरंभ तोच होय. पावसाळी वाऱ्यांच्या बेताने लिस्बनची जहाजे ये-जा करीत, म्हणून राजाशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या बाडांना 'मान्सूनची पुस्तके' असे नाव पडले. इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांचा इतिहास उलगडला, तो याच दप्तराच्या आधारे.

वाळवी आणि कसर हे कागदाचे उघड शत्रू आहेत, पण जुन्या युरोपीय कागदपत्रांचा खरा वैरी त्यांच्या अक्षरांतच दडलेला असतो. मायफळातील टॅनिन (तुरट द्रव्य), हिराकस (लोहाचा क्षार) आणि डिंक यांपासून केलेली शाई, म्हणजेच लोहशाई, लिहिताना फिकट दिसते. हवेतील प्राणवायू लागला की तिच्यातील लोह बदलते आणि अक्षर काळे, पक्के होते. मात्र या क्रियेत गंधकाम्लही तयार होते. कागदाचे तंतू ज्याचे बनलेले असतात त्या सेल्युलोजच्या लांब साखळ्या ते तोडते, आणि टॅनिनशी न जोडले गेलेले लोह त्याच साखळ्यांचे ऑक्सिडीकरण झपाट्याने घडवून आणते. प्रथम अक्षरांभोवती तपकिरी डाग पसरतो, मग कागद तडकतो, आणि शेवटी अक्षर गळून पडते व त्याच्या आकाराचे भोक तेवढे उरते.

पाणी मिळाले की हे सारे वेगाने घडते, आणि गोव्याच्या पावसाळ्यात तर कपाटातले कपडेही दमट होतात. ज्या पावसाळी वाऱ्यांनी ही पत्रे आणली, त्यांच्याच ओलाव्यापासून ती आता जपावी लागतात. शिवाय हवेची सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली, तर बुरशी धरते.

काजळाच्या शाईने लिहिलेल्या मोडी कागदांना ही व्याधी नसते, कारण काजळी म्हणजे कार्बन, आणि तो कागदाशी कसलीच रासायनिक खोडी काढत नाही. ओल मात्र त्यांनाही सोसत नाही, कारण शाईतला डिंक सुटला की अक्षर पसरते.

लोहशाईवर उपाय आहे. कॅल्शियम फायटेटच्या द्रावणात कागद भिजवला की फायटेट मोकळ्या लोहाला बांधून टाकते, आणि नंतरचे कॅल्शियम बायकार्बोनेट आम्ल शमवते. फायटेटचे मूळ असलेले फायटिक आम्ल भाताच्या कोंड्यात भरपूर असते. तरीही प्रत्येक पान असे भिजवता येत नाही. फार तडकलेल्या कागदाचे पाण्यातच तुकडे होण्याची भीती असते, आणि मग पातळ जपानी कागदाचा आधार देऊन कोरड्या हवेत ठेवणे एवढेच हाती राहते.